डालग्याखाली

परछीच्या, म्हणजे ओसरीच्या, फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा कुसुमनं आधी मांजराला शिव्या घातल्या, मग आपल्या पोरीला, आणि शेवटी नाव न घेता घरातल्या सगळ्यांना. फरशी तिनं आत्ताच पुसली होती. रविवारी पाहुणे यायचे होते. रीनाला बघायला भिलाईहून मंडळी येणार म्हणून आठवडाभर ती फडकं हातातून खाली ठेवत नव्हती, आणि अशा वेळी कुणीतरी रक्त सांडून जातं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं.

कुसुमची मोठी जाऊ प्रेमला परछीतच होती.  झाडू भिंतीला टेकवून ती ठिपक्यांच्या मागे मागे सांदवाडीत गेली. सांदवाडी म्हणजे घरामागची मोकळी जागा. पण आता तिला मोकळी म्हणायची सोय राहिली नव्हती. खुराडं, सरपण, न्हाणी आणि कपडे वाळवायची तार, सगळं एका गल्लीएवढ्या जागेत दाटीवाटीनं बसलं होतं. सरपणाच्या मागं भुरी कोंबडी डोकं लाकडांत खुपसून उभी होती. तिची पाठ उघडी पडली होती. शेपटीच्या वरची पिसं गेलेली, कातडी सोललेली, आणि मधोमध रुपयाएवढी लाल जखम. तिच्या मागं कुसुमची लाल कोंबडी उभी होती आणि सवडीनं, घाई न करता, जखमेवर टोच मारत होती.

प्रेमलानं लालीला पायानं बाजूला सारलं आणि भुरीला उचललं. पिसांखाली हातात फक्त हाडं लागली. एरवी असं काही बघून बाईमाणसाच्या काळजात चर्र झालं असतं. प्रेमलाच्या काळजात काहीच झालं नाही. बरेच महिने तिथं काही होत नव्हतं.

याचं मूळ रस्त्यात होतं. रायपूरला नवी राजधानी होऊ घातली होती. ती कुठं होणार, कशी होणार, हे गावात कुणाला धड माहीत नव्हतं. पण तिच्याकडे जाणारा रस्ता कुसुमच्या नवऱ्याच्या, धर्मपालच्या, घरातून जाणार हे मात्र पक्कं ठरलं होतं. अभनपूरच्या छोट्या रेल्वे लाईनीवर गँगमन म्हणून भंडाऱ्याकडून आलेल्या त्याच्या बापानं इथं जागा घेतली, दोन मुलांना दोन वाटण्या केल्या. पुढच्या दोन खोल्या धाकट्या धर्मपालच्या, मागच्या दोन खोल्या आणि सांदवाडी थोरल्या लहानूची. रस्ता रुंद झाला तशा पुढच्या दोन्ही खोल्या गेल्या, अंगणातली चिंच गेली, आणि सांदवाडीचाही एक कोपरा नाल्यासाठी गेला. धर्मपाल बायको-पोरीसह मागं आला. नवीन घर बांधेपर्यंत, असं तो म्हणाला होता. ते घर कुठं बांधणार हे त्यानं सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

त्याच सुमारास प्रेमलाचा नवरा लहानू गेला. पोळा झाल्यावर ताप आला, साधाच वाटला, आणि माणूस हातचा गेला. त्यांना मूलबाळ नव्हतं. प्रेमला आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली ती सबंध थंडीभर बसूनच राहिली. ती रडली नाही. बायका म्हणाल्या, रडू द्या हिला, नाहीतर छातीत बसेल. पण रडणं काही भाजी नाही, खुडायची म्हटलं की खुडली. भाजीत मीठ आहे की नाही हेही तिला कळेनासं झालं होतं. कुसुम ताट आणून द्यायची, ती जेवायची. कुसुम ताट उचलून न्यायची, ती हात धुवायची.

आणि खरं सांगायचं तर कुसुम काही वाईट बाई नव्हती. थंडीभर तिनं जावेचं सगळं केलं, आणि चार लोकांना ते ऐकवलंही. पण माणसं जास्त आणि जागा कमी झाली की चांगुलपणालाही पाय पसरायला जागा राहत नाही. आधी धर्मपालची धानाची कोठी आतल्या खोलीत आली, कारण पुढं उंदीर होते. मग टीव्ही आला. मग रीनाची पुस्तकं, शिलाई मशीन, कपाट. चुलीच्या जागी गॅस आला, तेव्हा प्रेमलाची चूल सांदवाडीत गेली. होळीच्या आसपास ती एकदाची भिंत सोडून उठली, तर तिची बाज परछीत टाकलेली होती. कुसुम म्हणाली, तिथं तुम्हाला वारं लागेल. प्रेमला बाजेवर जाऊन बसली. वारं लागत होतं हे खरं होतं.

कोंबड्यांचंही तसंच झालं, फक्त त्यांनी वाऱ्याचं निमित्त पुढं केलं नाही. भुरी ही प्रेमलाची सगळ्यांत जुनी कोंबडी. कण्या टाकल्या की पहिली चोच तिची, खुराड्यात वरची काठी तिची. धर्मपाल मागं आला तेव्हा कुसुमच्या कोंबड्याही आल्या आणि एकाच खुराड्यात कोंबल्या गेल्या. तरी भुरीनं आपली जागा सोडली नव्हती. मग ती खुडूक झाली आणि अंड्यांवर बसली. नेमका तेव्हाच रस्त्यावर रोलर आला. दिवसभर जमीन हादरायची, ताटल्या खणखणायच्या. भुरी एका जागी चिकटून बसून राहिली, खाणंपिणं विसरून. अंडी सगळी नासली. एक दिवस ती उठली, एकही पिल्लू न घेता, अर्धी झालेली, तुरा फिका पडलेला. बाकीच्यांनी तिला ओळखच दिली नाही. लालीनं तोवर वरची काठी धरली होती. पहिली टोच तिनं मारली, आणि मग वाट मिळाल्यासारखं सगळ्यांनी सुरू केलं.

प्रेमलानं चुलीवर पाणी कोमट केलं, त्यात मीठ टाकलं आणि भुरीला मांडीवर दाबून धरून जखम धुतली. कोंबडी ओरडली नाही, नुसती डोळे मिटून घेत राहिली. पत्र्याच्या पेटीत लहानूची रेल्वेतली मलमपट्टीची डबी होती. गँगवर कुणाचं बोट ठेचलं की तो तीच काढायचा. डबीत लाल दवेची बाटली अजून अर्धी होती. लहानू म्हणायचा, या दवेनं रेल्वेची सगळी माणसं जोडून ठेवलीत. प्रेमलानं कापसाचा बोळा भिजवला आणि भुरीची पाठ छान लालभडक केली. मग तिला खाली सोडलं आणि हात धुवायला वळली.

ती वळेपर्यंत सगळ्या कोंबड्या धावल्या. ज्यांनी आजवर भुरीकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं त्याही आल्या. कोंबडीला लाल दिसलं की तिच्यानं राहवत नाही, ती टोचणारच. हे प्रेमलाला लहानपणापासून माहीत होतं. पण माणसांना लावायची दवा तिनं माणसांसारखीच लावली. तिनं भुरीला पुन्हा उचललं, बोटातून रक्त येईस्तोवर तिलाही टोच बसली, आणि ती बोटाकडे बघत राहिली, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

मग तिनं लाल रंग पुसला, कडुलिंबाच्या तेलात हळद कालवून लावली, आणि वरून तव्याच्या बुडाची काजळी बोटानं पसरली. पाठ काळीकुट्ट झाली. परछीत आपल्या बाजेशेजारी बांबूच्या कामट्यांचं डालगं पालथं घातलं, भुरीला त्याखाली ठेवलं आणि भिजवलेल्या कण्या वाटीत दिल्या. माश्या बसू नयेत म्हणून वरून जुनं लुगडं टाकलं.

कुसुम दारात उभी राहून हे सगळं बघत होती. एवढी सेवा कशासाठी, असं तिला वाटलं असणार, आणि तिनं ते बोलूनही दाखवलं. "बाई, ते का वाचते? रविवारी पाहुणे हायेत. तवापर्यंत जगली तं कापून टाकू, तेवढाच रस्सा होईन."

प्रेमला म्हणाली, "औषध लावलं हाये. खाता नाही येत."

हे खरं होतं की खोटं, तिलाही माहीत नव्हतं. कुसुम नाक मुरडून आत गेली.

दुपारी धर्मपाल राईस मिलमधून जेवायला आला, आणि जेवण झाल्यावर परछीत उगाच रेंगाळला. प्रेमला या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो चड्डी धरून फिरणारा पोरगा होता. तिनं त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. अजूनही तिच्याशी बोलायचं म्हटलं की तो आधी दुसरीकडेच कुठंतरी बघायचा. आज त्यानं डालग्याकडे बघितलं. मग म्हणाला की गोंदियाच्या तुमच्या भावाला फोन केला होता, तो या म्हणतो. शनिवारी निघालात तर बरं. काही दिवस राहा, मन रमेल, हवापालट होईल.

काही दिवस म्हणजे किती, हे तिनं विचारलं नाही. पाहुण्यांपुढं नवरा गेलेली बाई परछीत बाज टाकून पडलेली दिसू नये, एवढं साधं ते गणित होतं. बुद्धविहारात दर पौर्णिमेला हे सगळे जाऊन बसायचे आणि तिथं अशा गोष्टींच्या विरुद्ध बोललेलं मान डोलावून ऐकायचे. पण सोयरीक जुळवताना विहार जरा लांब पडतं. शिवाय परछी मोकळी झाली तर तिथं खुर्च्या मांडता येणार होत्या. मग खुर्च्या राहतील, मग आणखी काही येईल. प्रेमलाला हे सगळं दिसत होतं, लख्ख दिसत होतं. पण पाण्यात बुडालेल्या माणसाला वरचं बोलणं ऐकू यावं तसं ते तिला लांबून ऐकू येत होतं. ती म्हणाली, जाते. धर्मपालला एवढ्या लवकर होकार येईल असं वाटलं नसावं. तो सायकल काढून गेला.

तिनं पिशवी भरली. दोन लुगडी, ब्लाऊज, लहानूचा एक फोटो. भरायला फार काही नव्हतं. भरल्यावर तिला एवढीच चिंता लागली की भुरीचं काय.

म्हणून मग ती भुरीच्या मागं लागली. सकाळी जखम धुवायची, तेल-हळद, काजळी. कण्या, थोडा शिजवलेला मसूर, गुळाचं पाणी. कोंबडी पहिल्यांदा नुसती बसून राहायची. मग मान वर करू लागली. मग डालग्याच्या फटीतून चोच काढून प्रेमलाच्या लुगड्याचा काठ ओढू लागली. जखमेवर खपली धरली आणि कडेनं पिसांचे बारीक कोंब आले. प्रेमलाला त्याचा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पण दिवसाकाठी एक काम तिला उठवत होतं आणि निजवत होतं, आणि तेवढ्यापुरतं तिचं डोकं चालत होतं. तिनं ठरवलं की आपण निघायच्या आधी हिला बाकीच्यांत सोडायचं. आपल्या डोळ्यांदेखत रुळली तर कुसुमला सांगता येईल की ही अंडी घालणारी आहे, कापू नको. नाहीतर आपण गोंदियाची गाडी धरायचा अवकाश, ही भगुण्यात जायची.

गुरुवारी सकाळी तिनं भुरीला डालग्यातून काढून खुराड्यापाशी ठेवलं. भुरी दोन पावलं चालली, मान उंच करून थांबली. आपलंच अंगण, आपलंच खुराडं, पण ती पाहुण्यासारखी बघत होती. कोंबड्यांनी कण्या सोडून तिच्याकडे माना वळवल्या. लाली सरळ चालत आली आणि तिच्या डोक्यावर बसली. बाकीच्याही आल्या. त्यांत प्रेमलाच्या स्वतःच्या दोन्ही कोंबड्या होत्या, भुरीनंच उबवून काढलेल्या. क्षणात खपली उडाली आणि काजळीतून ताजं रक्त वर आलं.

कुंपणापलीकडे सोनबती शेण थापत होती. ती इथलीच, छत्तीसगढी. इतकी वर्षं शेजार असूनही प्रेमलाचं मराठी ऐकायची आणि आपल्या बोलीत उत्तर द्यायची, दोघींनाही त्याची अडचण नव्हती. तिनं हात न थांबवता विचारलं की एवढे दिवस भुरी दिसत का नव्हती. प्रेमलानं सांगितलं, मारत होत्या म्हणून वेगळी ठेवली होती.

सोनबतीनं मान हलवली. "जेन मार खाइस, ओही ला तैं बाहिर करे दीदी? अइसन मं ओकर जगा कोन राखही? जेन मारिस तेला ढाँक न."

जिनं मार खाल्ला तिलाच तू बाहेर काढलंस. मग तिची जागा कोण राखणार? मारते तिला झाक. एवढं बोलून सोनबती पुढच्या गोवरीला लागली. तिच्या दृष्टीनं त्यात बोलण्यासारखं आणखी काही नव्हतं. त्यांच्याकडे सगळेच असं करतात. मारकी कोंबडी चार दिवस डालग्याखाली राहिली की बाहेर येते तेव्हा तिला आपण कोण होतो ते विसरायला झालेलं असतं.

प्रेमला भुरीला छातीशी धरून उभी होती. भुरीचं रक्त तिच्या ब्लाऊजला लागलं होतं. तिच्या पोटातून काहीतरी गरम वर येत होतं आणि ते काय आहे हे तिला आधी ओळखता आलं नाही, कारण बऱ्याच दिवसांत त्याची भेट नव्हती. मग तिला कळलं की आपल्याला राग आला आहे. तो लालीचा होता, कुसुमचा होता, रस्त्याचा होता, न सांगता निघून गेलेल्या लहानूचाही होता. आणि सगळ्यांत जास्त आपल्याच तोंडातून निघालेल्या त्या "जाते"चा होता. तिनं भुरीला सरपणावर ठेवलं, लालीवर झडप घातली, दोन्ही पंख धरून उचलली आणि परछीत नेऊन डालग्याखाली कोंबली. वरून पाटा ठेवला.

लाली अशी ओरडली की कुसुम हातातली फणी घेऊनच बाहेर आली. मग जे झालं त्याला भांडण म्हणायचं तर दोघी बोलायला हव्यात. बोलली एकटी कुसुम. चांगली अंडी देणारी कोंबडी कोंडून ठेवता आणि मेल्यातली घेऊन बसता, आम्ही काय तुमचं खाल्लं, रात्रंदिवस केलं त्याचं हे फळ, घर काय तुमच्या एकटीचं आहे का. ते वाक्य तोंडातून निघालं आणि कुसुम स्वतःच गप्प झाली. कारण घर खरोखरच प्रेमलाच्या एकटीचं होतं. 

प्रेमला एवढंच म्हणाली, "पाटा काढू नको, कुसुम. कण्यापाणी मी देईन तिले."

त्या दिवसापासून भुरी सांदवाडीत राहिली. जखम प्रेमलानं तिथंच धुतली, काजळी तिथंच लावली. लाली नव्हती तर बाकीच्यांना पुढं होणारं कुणी उरलं नाही. एक-दोघींनी टोच मारून पाहिली, भुरीनं उलटी एक दिली, आणि प्रकरण मिटलं. ती अजून शेवटीच खायची. पण खायची, आणि पळत नव्हती. शुक्रवारी सांजेला ती खुराड्यात खालच्या काठीवर का होईना, पण सगळ्यांत बसलेली होती. प्रेमला खुराड्याच्या तोंडाशी उकिडवी बसून बराच वेळ ते बघत राहिली.

शनिवारी धर्मपाल मिलमधून लवकर आला. त्यानं कुणाची तरी मोटारसायकल मागून आणली होती, वहिनींना स्टेशनवर सोडायला. पिशवी बाजेखाली भरून ठेवलेलीच होती. प्रेमला डालग्यातली वाटी भरत होती.

"चला वहिनी. गाडीची वेळ होऊन राहिली."

"मी नाही येत."

"काहून?"

"कोंबडी सोडायची हाये. आणखी दोन-चार दिवस लागतीन."

तो हसला. हे हसण्यावारी जाईल असं त्याला वाटलं. म्हणाला, एका कोंबडीसाठी तुम्ही गाडी सोडता, कुसुम सोडेल की तिला, त्यात काय. प्रेमलानं वाटी ठेवली, पाटा परत बसवला आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. या वेळी दुसरीकडे बघायला त्याला काही सापडलं नाही.

"धरम, मी आज गेली तं ही बाज बी इथं राहत नाही. तुले माईत हाये, मले बी माईत हाये. तू काही वाईट नाही रे. जागाच तेवढी हाये. पण माही हाये ते."

धर्मपालनं मोटारसायकलची किल्ली दोनदा या हातातून त्या हातात घेतली. त्याचा बाप गेला तेव्हा याच बाईच्या पदराला तोंड पुसून तो रडला होता; ते त्याला आठवलं की नाही, सांगता येत नाही. तो म्हणाला, पाहुण्यांचं काय. प्रेमला म्हणाली, येऊ दे. मग ती बाजेच्या एका टोकाला गेली आणि आत मशीनवर बसलेल्या रीनाला हाक मारली. रीना आली. शाळेपासून ती घरात हिंदीच बोलायची आणि बहुतेक वेळ काही बोलायचीच नाही. तिनं काकूकडे बघितलं, बापाकडे बघितलं, आणि बाजेचं दुसरं टोक धरलं. दोघींनी बाज आतल्या खोलीत नेली. तिच्यासाठी कपाट सरकवावं लागलं आणि टीव्ही कोठीवर चढला. स्वयंपाकघरात कुसुमनं त्या वेळेत घरातली सगळी भांडी एकदा खाली पाडली असतील.

प्रेमला त्या रात्री आपल्या जुन्या भिंतीशी निजली. तिला वाटलं होतं, इथं परत आलं की लहानू आठवेल आणि रडू फुटेल. तसं काही झालं नाही. कोठीतल्या धानाचा वास येत होता, आणि पलीकडच्या अंगाला पडलेली रीना झोपेत दात खात होती. प्रेमलाही झोपली.

पाहुणे रविवारी दुपारी आले. मुलगा, त्याची आई, आणि मामा म्हणून सांगितलेला एक गृहस्थ. मुलगा भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कामाला होता आणि सारखा बुटांकडे बघत होता. परछीत खुर्च्या मांडल्या होत्या. डालगं कोपऱ्यात ढकललं होतं तरी लाली मधूनमधून आपली हजेरी लावत होती. रश्श्यासाठी धर्मपालनं अभनपुराहून तयार कोंबडी कापून आणली होती. प्रेमला धुतलेलं लुगडं नेसून आतल्या दाराशी बसली. कुसुमनं तिला आतच राहा म्हटलं नव्हतं, पण खुर्चीही दिली नव्हती.

मुलाची आई हुशार होती. तिनं जेवण छान झालं म्हटलं, रस्त्यामुळे फार बरं झालं म्हटलं, घर किती मोठं होतं ते विचारलं. धर्मपाल सांगत होता की पुढं आमच्या खोल्या होत्या, त्या गेल्या, आता नवीन बांधायच्या आहेत. मग तिची नजर दाराशी गेली.

"अन् ह्या कोण?"

कुसुम पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण काय सांगायचं हे तिचं ठरलेलं नव्हतं. ठरलेलं होतं ते सगळं गोंदियाच्या गाडीबरोबर निघून गेलं होतं. बडीशेप देत असलेल्या रीनानं बशी खाली ठेवली.

"ये मेरी बड़ी मम्मी हैं," ती म्हणाली. "हम लोग इन्हीं के घर में रहते हैं।"

 धर्मपालची मान खाली गेली. पोरीनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून सावरायलाही जागा नव्हती. मुलाच्या आईनं प्रेमलाकडे नीट बघितलं, मग पायातली चप्पल सरकवून उठली आणि तिच्यापुढं वाकली. म्हणाली, मग आधी तुम्हालाच विचारलं पाहिजे, आमचा मुलगा तुम्हाला पसंत आहे का.  तिला काही विचारावं असं कुणाला वाटल्याला बराच काळ झाला होता. ती म्हणाली, रीनाला विचारा; मला तर चांगला वाटतो, फक्त बोलत नाही. मामा हसला, मुलगाही हसला, आणि रीना आत पळाली.

पाहुणे गेले, ऊन उतरलं. रस्त्यावरून रेतीचे ट्रक जात होते आणि धूळ परछीत येऊन बसत होती. प्रेमला सांदवाडीत दगडावर बसून कण्या टाकत होती. छातीत अजून बरीचशी जागा सुन्नच होती. ती एका दिवसात जाणार नव्हती, कदाचित सगळी कधीच जाणार नव्हती. पण दुपारचा रस्सा खारट झाला होता, आणि ते तिला पहिल्या घासाला कळलं होतं. भुरी तिच्या पायापाशी येऊन दाणे टिपत होती. बाकीच्या जरा हटून टिपत होत्या.

मागच्या दारात कुसुम आली. ती आत आली नाही, बाहेर गेली नाही, चौकट धरून उभी राहिली. रडून झाल्यासारखं तिचं नाक लाल होतं. पाहुण्यांपुढं झालं ते तिला लागलं होतं. ती भांडायला आली असेल म्हणून प्रेमला थांबली.

"बाई," कुसुम म्हणाली, "माह्या कोंबडीले कधी सोडू?"

"उद्या सांजच्याले सोडू."

 कण्या टिपणाऱ्या कोंबड्यांकडे कुसुम बघत होती, आणि तिला भीती वाटत होती हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

"तिले मारतीन का ह्या?"

प्रेमलानं मूठभर कण्या आणखी टाकल्या आणि दगडावर थोडी सरकून तिला जागा केली.

"मारतीन थोडं," ती म्हणाली. "पण मी हाये नं इथं."